चिंतेच्या रात्रीसाठी रोझरी: साखळीची घ्यावी की दोऱ्याची?

घरात रोझरी, म्हणजे कॅथलिकांची जपमाळ, असतेच, पण ती बहुधा गाडीच्या आरशाला नाहीतर देव्हाऱ्याच्या खिळ्याला. रात्री दोन वाजता छातीत धडधडायला लागलं की जी हातात धरायची, ती निवडताना निकष वेगळे लागतात.

पहिला निकष अंधाराचा. पूर्ण माळेत मणी 59: 'नमो मारिया' या मारियेच्या प्रार्थनेचे 53, प्रभूच्या प्रार्थनेचे 6. हे सहा मणी आकाराने मोठे हवेत, किंवा त्यांच्या दोन्ही बाजूंना बोटाला लागेल एवढी जागा हवी. स्वस्त प्लॅस्टिकच्या माळांत सगळे मणी सारखे आणि एकमेकांना चिकटून असतात. मग दहा झाले की नाही हे बघायला दिवा लावावा लागतो, आणि दिवा लावला की झोप गेलीच. दुकानातच डोळे मिटून एक दशक, म्हणजे दहा लहान मणी, बोटांनी फिरवून बघा. मणी मोजूनही घ्या.

साखळीची माळ दिसते छान, पण तिची तार उघड्या कडीची असते. ओढ बसली की कडी उघडते, तीही नेमकी पदकापाशी, कारण तिथे तीन टोकं जुळतात. शिवाय उशीखाली गुंता होतो. गाठी मारलेल्या जाड दोऱ्याची माळ आवाज करत नाही, तुटत नाही, घामाने काळी पडत नाही. रात्रीसाठी आमची पसंती तिलाच. काचेचे मणी लग्नात भेट द्यायला ठीक. लोकलच्या गर्दीत मण्यांऐवजी दहा उंचवटे असलेली रोझरीची अंगठी पुरते.

आता वापर. क्रूसावर विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली देणारी प्रार्थना, मग एक मोठा मणी, तीन लहान, पुन्हा एक मोठा, आणि पुढे पाच दशकं. सावकाश म्हटली तर वीस मिनिटं. 'नमो मारिया' येशूच्या नावापाशी दुभंगते. तिथवर एक श्वास, पुढच्या 'आमच्यासाठी विनंती कर' या भागाला दुसरा. त्या विनंतीत वेळा दोनच आहेत, आता आणि मरणाची घडी. उद्याचा रिपोर्ट, पुढच्या महिन्याचा हप्ता, पोराची नोकरी हे सगळं मधल्या काळातलं. त्याचा तिथे उल्लेखच नाही.

प्रत्येक दशकाला येशू-मारियेच्या आयुष्यातला एक प्रसंग मनात आणायचा, त्याला रहस्य म्हणतात. रहस्यांचे वार ठरलेले आहेत: सोमवार-शनिवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची, आणि गुरुवारी प्रकाशाची, जी पोप दुसरे जॉन पॉल यांनी 2002 साली जोडली. पण ही शिस्त आहे, सक्ती नाही. भीतीच्या रात्री वार न बघता दुःखाचं पहिलं रहस्य घ्या, गेथशेमनेची बाग. तिथे येशू स्वतः हा प्याला टळू दे म्हणतो. शिष्य झोपलेले, जागा तो एकटा. घाबरलेल्या माणसाला यापेक्षा जवळची सोबत पाचही दशकांत नाही.

बिघडतं कुठे? गाडी पकडायची असल्यासारखी म्हटली की श्वास आणखी चढतो. मन भरकटलं की पुन्हा क्रूसापासून सुरुवात करणारे पहाटेपर्यंत जागतात. बोट ज्या मण्यावर आहे तिथूनच पुढे जावं. तिसरी चूक सौद्याची, इतक्या रोझऱ्या म्हटल्या की काम झालंच पाहिजे. अशाने माळेसोबत चिंताही मोजली जाते. आणि धडधड रोजचीच झाली असेल तर माळ खिशात ठेवून डॉक्टरांकडे जा. दोन्ही एकत्र चालतं.

मधेच झोप लागली तर? उरलेली देवदूत पूर्ण करतो, असं जुनी माणसं सांगतात. दोऱ्याची माळ असेल तर सकाळी गुंता सोडवायला नको, एवढी खात्री आम्ही देतो.