चार फुटी वनस्पतींच्या टाकीसाठी कॅनिस्टर की सम्प?

पाणवनस्पतींचे मत्स्यालय ठेवणारा दोन फुटी टाकीवरून चार फुटी टाकीकडे जातो तेव्हा वनस्पतींची यादी आधी तयार होते आणि फिल्टरचा विचार बहुधा शेवटी केला जातो. दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशा चार फुटी टाकीत काठोकाठ सुमारे 255 लिटर पाणी मावते. नेहमीच्या दोन फुटी टाकीत ते जेमतेम 57 लिटर असते. मागच्या काचेला टांगण्याचा एकच फिल्टर एवढ्या लांबीत पाणी फिरवू शकत नाही, त्यामुळे निवड कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा, पंप असलेला बंद डब्याचा फिल्टर) आणि सम्प (टाकीखाली ठेवलेली, कप्पे असलेली फिल्टरची दुसरी टाकी) या दोघांतच उरते. मी एकाच टाकीवर आधी वर्षभर सम्प वापरला आणि गेली तीन वर्षे कॅनिस्टर वापरतो आहे.

सम्पचे गुण मला आजही मान्य आहेत. त्यात मीडियाला, म्हणजे पाणी शुद्ध करणारे जिवाणू ज्यावर वाढतात त्या स्पंजासारख्या साहित्याला, भरपूर जागा मिळते, स्वच्छता सोपी असते आणि उन्हाळ्यातली पाण्याची घट खालच्या कप्प्यात दिसते, वरच्या टाकीची पातळी हलत नाही. या आकाराच्या टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरली की साडेपाच लिटर पाणी उडालेले असते, म्हणून एप्रिल-मेमध्ये ही सोय मोठी वाटते. केवळ माशांची टाकी असती तर मी सम्प बदलला नसता.

वनस्पतींच्या टाकीत मात्र कार्बन डायऑक्साइडचा प्रश्न आडवा येतो. ओव्हरफ्लोतून, म्हणजे टाकीतले पाणी सम्पमध्ये उतरवणाऱ्या छिद्रातून, पाणी हवेला घुसळत खाली पडते, तेव्हा वनस्पतींच्या वाढीसाठी आपण सिलिंडरमधून सोडून विरघळवलेला हा वायू वाटेतच निसटतो. माझे दिवे दुपारी दोनला लागत आणि वायू एकपासून सुरू असे, तरी ड्रॉप चेकर (पाण्यातल्या या वायूचे प्रमाण रंगाने दाखवणारी छोटी कुपी) चार वाजेपर्यंत निळाच, म्हणजे वायू कमी असल्याचेच दाखवत, राही. मी बुडबुडे वाढवले, सम्पवर काचेचे झाकण बसवले, पाणी पडण्याची उंची कमी केली. या उपायांनी फरक पडला, पण पुरेसा नाही. मूळची आपल्याच दक्षिण-पश्चिम भारतातली असलेली रोटाला मॅक्रान्ड्रा शेंड्याकडे बारीक होत गेली आणि अनुबियाच्या पानांच्या कडांवर काळे, दाढीसारखे शेवाळ धरले.

त्याहून त्रासाचे होते ते सिलिंडर भरून आणणे. आमच्याकडे ते अग्निशामक नळकांडी भरून देणाऱ्या दुकानात भरून मिळते. रेग्युलेटर सोडवायचा, सिलिंडर पोत्यात गुंडाळून स्कूटरवर न्यायचे आणि दोन-तीन दिवस वाट पाहायची; तेवढे दिवस टाकी वायूविना राहायची आणि शेवाळाला आयती संधी मिळायची. मी वायूचे काटेकोर मोजमाप केलेले नाही, पण वहीतल्या तारखांनुसार सम्प असताना ही फेरी पाच-सहा आठवड्यांनी पडत होती. कॅनिस्टरवर तेच सिलिंडर तीन महिन्यांहून अधिक चालते आणि माझा निर्णय मुख्यतः याच कारणाने झाला.

शिवाय माशांच्या मलमूत्रातून येणारा जो अमोनिया मीडियातले जिवाणू काढून टाकतात, त्याचा बराच भाग वनस्पती स्वतःच शोषून घेतात. त्यामुळे दाट लागवडीच्या टाकीत सम्पमधल्या जास्तीच्या मीडियाचा लाभ मला तितकासा जाणवला नाही. संथ पण सर्वत्र पोचणारा प्रवाह अधिक उपयोगी ठरला.

कॅनिस्टरलाही त्याचे त्रास आहेत. गळून पडलेली पाने आत जाऊन स्पंज तुंबतो, म्हणून शोषक नळीच्या तोंडाशी जाड स्पंज लावून तो दर आठवड्याला पिळावा लागतो. झाकणाची रबरी रिंग कोरडी पडली की पाणी झिरपते; प्रत्येक स्वच्छतेच्या वेळी तिला सिलिकॉन ग्रीस लावणे मी चुकवत नाही. खोक्यावरचा प्रवाहाचा आकडा बहुधा मीडिया न भरता मोजलेला असतो, म्हणून एक माप मोठे घेतलेले बरे. वीज चार-पाच तास गेल्यास बंद डब्यातला प्राणवायू संपत जातो आणि पंप सुरू होताच कुजका वास येतो. अशा वेळी आतले पाणी आधी टाकून द्यावे आणि मीडिया टाकीच्याच पाण्यात हलक्या हाताने विसळावा. माझा पंप जेमतेम 20 वॅटचा असल्याने आता तो घरच्या इन्व्हर्टरवरच जोडला आहे.

टाकी आधीच छिद्र पाडून घेतलेली असेल आणि कार्बन डायऑक्साइड द्यायचाच नसेल, तर सम्पच्या बाजूने बोलणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. रोटालासारख्या वनस्पती लावायच्या असतील, तर मात्र मी कॅनिस्टरच सुचवेन. कोणताही घेतला तरी जुन्या टाकीतला फिल्टर लगेच काढू नये. तो महिनाभर नव्या टाकीवर सोबत चालू ठेवावा, म्हणजे जुन्या स्पंजातले जिवाणू नव्या मीडियात रुजायला वेळ मिळतो.