‘लाइट्स आउट’ की ‘स्किनामारिंक’? अंधाराच्या दोन भयपटांवरील प्रेक्षकमतांचा आढावा

अंधाराच्या भीतीवर बेतलेला भयपट निवडण्यासाठी इतर प्रेक्षकांची मते वाचायला घेतली, की निर्णय सोपा होण्याऐवजी अवघडच होऊन बसतो. कारण ज्या चित्रपटाने एकाची झोप उडवलेली असते, त्याच चित्रपटात दुसऱ्याला चक्क झोप लागलेली असते. हा मतभेद चित्रपटाच्या दर्जावरून जितका होतो, त्याहून अधिक तो प्रेक्षकाला नेमकी कशाची भीती वाटते, यावरून होतो. अंधारात कोणीतरी उभे आहे, ही एक भीती. आणि अंधारात कोणी आहे की नाही, हेच कळत नाही, ही दुसरी. डेव्हिड एफ. सँडबर्ग यांचा ‘लाइट्स आउट’ (2016) पहिल्या भीतीवर उभा आहे, तर काइल एडवर्ड बॉल यांचा ‘स्किनामारिंक’ (2022) दुसऱ्या.

‘लाइट्स आउट’चे कथासूत्र एका वाक्यात सांगता येते आणि तेच त्याचे बळ आहे: डायना नावाची आकृती फक्त अंधारात असते, दिवा लागताच ती नाहीशी होते आणि दिवा विझताच पूर्वीपेक्षा जवळ आलेली असते. जेम्स वान सहनिर्माते असलेला हा चित्रपट जेमतेम 81 मिनिटांचा आहे, आणि या नियमाशी तो इतक्या तऱ्हांनी खेळतो की चित्रपट न आवडलेले प्रेक्षकही त्या कल्पकतेला दाद देतात. नायिकेच्या खिडकीबाहेरची लाल निऑन पाटी उघडझाप करत असते आणि प्रत्येक उघडझापेसरशी खोलीतली आकृती दिसते व लोपते. एका प्रसंगी मोटारीच्या किल्लीवरचे बटण दाबून हेडलाइट लावणे हाच जीव वाचवण्याचा उपाय ठरतो. आणि बंदुकीच्या गोळ्या झाडल्या जातात तेव्हा नळीतून निघणाऱ्या क्षणिक उजेडात डायना नाहीशी होते, त्यामुळे गोळी तिला लागतच नाही. या शेवटच्या प्रसंगाचे कौतुक झाले ते योग्यच आहे, कारण तेथे नियमच पात्रांवर उलटतो आणि प्रेक्षकाला ते कोणी समजावून सांगावे लागत नाही.

नाराजीचा सूर प्रामुख्याने दोन गोष्टींबाबत आहे. डायना कोण होती, तिचे आणि नायिकेच्या आईचे नाते काय, हे मनोरुग्णालयाच्या जुन्या कागदपत्रांतून उलगडले जाते. अनेकांच्या मते या स्पष्टीकरणामुळे भीती पातळ होते, आणि ते मला पटते. जिचा पूर्वेतिहास फायलीत वाचता येतो, त्या आकृतीचा धाक थोडा कमी होतोच. दुसरा आक्षेप शेवटाबद्दल आहे आणि तो अधिक गंभीर आहे. आईचे नैराश्य हे या कथेचे मर्म आहे, आणि तिच्या मानसिक आजाराचा व डायनाचा संबंध चित्रपट ज्या रीतीने सोडवतो, त्यात आत्महत्येचा प्रसंग येतो. रहस्य फोडणे टाळायला हवे हे मान्य आहे. परंतु ज्यांच्यासाठी हा विषय जवळचा आहे, त्यांना तो आधी ठाऊक असणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. काहींना हा शेवट आईच्या मायेची परिसीमा वाटला, तर काहींना आजारी माणसाला ओझे ठरवणारा. मारिया बेलो यांनी आईची घालमेल समजून उमजून साकारली आहे, म्हणूनच तो शेवट अधिक बोचतो.

‘स्किनामारिंक’मध्ये असे कोणतेही सूत्र हाती लागत नाही. 1995 साली घडणाऱ्या या कथेत दोन लहान भावंडे मध्यरात्री जागी होतात, तेव्हा वडील घरात नसतात आणि दारे-खिडक्या एकेक करून नाहीशा होत असतात. यापलीकडे कथानक म्हणावे असे फारसे काही नाही. सुमारे 15,000 डॉलरमध्ये, कॅनडातील एडमंटन येथे दिग्दर्शकाच्या बालपणीच्या घरात चित्रित झालेल्या या चित्रपटात कॅमेरा माणसांकडे क्वचितच वळतो. तो छताचा कोपरा, दाराची चौकट, गालिच्यावर विखुरलेले ठोकळे आणि जुनी व्यंगपटे दाखवणारा दूरचित्रवाणी संच यांच्यावर खिळून राहतो. चित्र इतके दाणेदार आहे की अंधाराकडे टक लावून पाहिल्यावर त्यात आकार हलल्याचा भास होतो. तो खरा आहे की डोळ्यांचा खेळ, हे चित्रपट सांगत नाही. पलंगाखाली पाहण्यास सांगितले जाते तो प्रसंग याचा उत्तम नमुना आहे: प्रत्यक्षात जे दिसते ते अगदी थोडे, पण तिथवर पोहोचण्यातला विलंब असह्य आहे.

या चित्रपटाबाबत समीक्षकांची वाहवा आणि सर्वसामान्य प्रेक्षकांची चीड यांतील दरी फार मोठी आहे. नाराज प्रेक्षकांची तक्रार खोटी नाही: 100 मिनिटांपैकी बराच काळ काहीच घडत नाही, संवाद कुजबुजीत आहेत आणि पात्रांचे चेहरे न दिसल्यामुळे त्यांच्याबद्दल आपुलकी वाटायला आधारच मिळत नाही. माझ्या मते हा चित्रपट वीसएक मिनिटांनी आखूड असता तर त्याचे काहीही बिघडले नसते. मात्र लहानपणी रात्री उठून काळोख्या बोळातून आईवडिलांच्या खोलीपर्यंत जाण्याची धास्ती ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना याच संथपणाने गाठले आहे. चित्रपट आवडलेल्यांपैकी अनेकजण कथेपेक्षा स्वतःच्या बालपणाबद्दलच जास्त लिहितात.

निवड करताना चित्रपट कोठे आणि कोणासोबत पाहणार, हेही ठरवून घ्यावे. मित्रमंडळी जमवून, ओरडत आणि हसत पाहायचा असेल, तर ‘लाइट्स आउट’ला पर्याय नाही; त्यातील दचके अशा वेळी दुप्पट रंगतात. ‘स्किनामारिंक’ मात्र चार माणसांत हमखास फसतो, कारण एकाने जांभई दिली की सर्वांचा धीर सुटतो. तो एकट्याने, दिवे मालवून, कानांवर हेडफोन लावून पाहावा, आणि मध्येच मोबाइल हाती घेण्याची सवय असेल तर पाहूच नये. मुलांच्या तोंडी मोजकीच वाक्ये असली तरी लहानग्यांना झालेली इजा सूचित करणारे क्षण त्यात आहेत, ही बाब पालकांनी विशेष ध्यानात घ्यावी.

या दोहोंच्या मधला काही हवा असेल, तर रॉब सॅव्हेज यांचा ‘द बूगीमॅन’ (2023) विचारात घेण्याजोगा आहे. आई गमावलेल्या कुटुंबाची ही गोष्ट असून, धाकटी मुलगी उजेडाचा गोल दिवा अंधारात घरंगळत सोडते तो प्रसंग सुरेख जमला आहे. पुढचे वळण मात्र ओळखीचे आहे. ‘डार्कनेस फॉल्स’ (2003) मध्येही उजेडात राहिले तरच वाचाल असा नियम आहे, पण दीपगृहातील शेवट वगळता त्याचा उपयोग फारसा सुचलेला नाही, तेव्हा तो मागे ठेवला तरी चालेल.

तरीही मन द्विधा असेल, तर दोन्ही मुख्य चित्रपटांची चव आधी घेता येते, कारण दोन्हींचा उगम इंटरनेटवर गाजलेल्या लघुपटांत आहे. सँडबर्ग यांनी पत्नी लोटा लोस्टेन यांना घेऊन 2013 मध्ये केलेला ‘लाइट्स आउट’ तीन मिनिटांहूनही छोटा आहे, तर बॉल यांचा ‘हेक’ (2020) सुमारे अर्ध्या तासाचा आहे. ‘हेक’ पाहताना दहाव्या मिनिटाला घड्याळाकडे लक्ष गेले, तर ‘स्किनामारिंक’च्या वाटेला जाऊ नये.