आठ महिने, पन्नास गुणांचा तक्ता आणि आमची बिअरची वही

गेले आठ महिने आमच्याकडे एक रविवार सोडून एक रविवार दुपारी चारला टेबलावर छोटे ग्लास, तांब्याभर पाणी आणि साधा पाव मांडलेला असतो. मी, नवरा, दीर आणि जाऊ. एका बैठकीला तीन बिअर, प्रत्येकी जेमतेम शंभर मिली, आणि समोर बीजेसीपीचा गुणतक्ता. बिअर स्पर्धांचे परीक्षक तयार करणारी ही अमेरिकी संस्था १९८५ ची. तक्ता एकूण ५० गुणांचा: वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५ आणि एकंदर मताला १०. वहीत आता ४८ नोंदी झाल्यात, तेव्हा हा तक्ता घरी वापरण्याजोगा आहे का, ते सांगते.

आहे. पण पहिल्या महिन्याचे आकडे मी धरतच नाही. सगळ्या बिअर २९ ते ३३ मध्ये अडकल्या होत्या, कारण आम्ही त्या फ्रीजमधून काढल्या काढल्या ओतत होतो. वाइहेनश्टेफानरची गव्हाची बिअर, हेफेवाइसबिअर, तेव्हा माझ्या नोंदीत ‘गार, जराशी गोड’ एवढीच आहे. गुण २९. दीड महिन्याने तीच बाटली पंधरा मिनिटं आधी बाहेर काढून ठेवली. जावेनं ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाली, “ताई, यात लवंग आहे.” घरचा गोडा मसाला तीच करते, तिच्या नाकाशी आम्हा तिघांची बरोबरी नाही. मागोमाग मलाही पिकलेल्या केळ्याचा वास आला. त्या बिअरमध्ये ना लवंग असते ना केळं, दोन्ही वास यीस्टमुळे येतात. त्या दिवशी ३८ गुण पडले.

हुगार्डनचं उलट. त्यात धणे आणि संत्र्याची साल खरोखरच घालतात. जावेनं “धणे” म्हटलं आणि लगेच आम्हा सगळ्यांना धणे लागायला लागले. तेव्हापासून आधी गुपचूप लिहायचं, मग बोलायचं, हा नियम आम्ही मोडलेला नाही. बाटल्याही वर्तमानपत्रात गुंडाळूनच टेबलावर येतात. मसाला शेंगदाणे आणि फरसाण बैठक संपेपर्यंत डब्यात.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका शिळ्या आयपीएनं. आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल या प्रकारच्या बिअरमध्ये, खरी मजा हॉप्सच्या वासाची. हॉप्स ही बिअरला कडूपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं. संत्रं, आंबा, चीडाचं झाड, प्रत्येक हॉप्सचं वेगळं काही. ही आयात केलेली बाटली एका दुकानातून महाग घेतली होती, आणि ग्लासात ओल्या पुठ्ठ्याचा वास आला. तळाची तारीख तेव्हा पाहिली: अकरा महिने जुनी. २२ गुण. मला त्या बनवणाऱ्याचं फार वाईट वाटलं, कारण हा दोष हवेचा आणि उशिराचा, त्याच्या हाताचा नव्हे. हॉप्सचा वास सगळ्यात आधी उडतो. आता मी तारीख पाहिल्याशिवाय आयपीए घेतच नाही, आणि उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली ठेवलेली हिरवी बाटलीही नाही. उजेडानं हॉप्समधले घटक बिघडतात आणि बिअरला उग्र घाण वास येतो. तपकिरी काच बरीच वाचवते.

ताज्या बिअरचा फरक पाहायचा असेल तर पुण्यात सोय आहे. डूलाली ही स्वतःची बिअर बनवणारी मायक्रोब्रुअरी २००९ मध्ये इथेच सुरू झाली. तिथली हेफेवाइझन, म्हणजे गव्हाचीच बिअर, जिथे बनते तिथेच प्यायलो तेव्हा वहीतला आमचा सर्वांत मोठा आकडा पडला, ४२.

डुवेल या बेल्जियन बिअरमधलं ८.५ टक्के अल्कोहोल चवीत जाणवतच नाही, म्हणून ती सगळ्यात शेवटी ठेवावी. गिनेस काळी असल्यामुळे नवऱ्याला ती जड वाटायची. प्रत्यक्षात ४.२ टक्के, आणि काळा रंग भाजलेल्या सातूचा. तक्त्याशिवाय त्याचा हा समज गेला नसता.

माझी एकच तक्रार आहे. तक्ता बिअर आपल्या शैलीत किती चपखल बसते ते मोजतो. साधी हलकी लागर स्वच्छ असेल तर तिला ३४ सहज मिळतात, तेच तिचं काम. पण जावेला मनापासून आवडलेली कोकमाची आंबट बिअर कुठल्या चौकटीत मोजायची, यावर आमचा अर्धा तास गेला आणि शेवटी २७ वर मिटलं. मला ते अजून पटलेलं नाही. म्हणून प्रत्येक पानामागे आम्ही एक ओळ वाढवली: ‘परत घेऊ का?’ कोकमाच्या पानावर चौघांनी ‘हो’ लिहिलंय. दुकानात जाताना मी वही उलटी धरूनच नेते.