निकॉन झेड ८ : फोटोवाल्याने व्हिडिओचे पैसे का द्यायचे?
मी मुळात फोटोवाला, लग्नं करतो, त्यामुळे ८के बिके (खूप बारीक तपशील असलेला व्हिडिओ) ऐकलं की वाटायचं हे आपल्यासाठी नाहीच, उगाच किंमत वाढवतात. पण २०२३ला आलेला झेड ८ कॅमेरा वापरल्यावर मत बदललं राव. ४५.७ मेगापिक्सेलचा स्टॅक्ड (थरांचा, वेगवान) सेन्सर आहे, तो इतका फास्ट रीड होतो की मेकॅनिकल शटर, म्हणजे उघडझाप करणारा पडदा, ठेवलेलंच नाहीये, म्हणजे जो वेग सेकंदाला ६० फ्रेमच्या ८के रॉ (प्रक्रिया न केलेल्या) व्हिडिओसाठी लागतो तोच फोटोत सेकंदाला २० रॉ फ्रेम काढायला कामी येतो. मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाटाच्या अगदी शेजारी उभं राहा, खटखट आवाज शून्य, भटजी वळूनसुद्धा बघत नाहीत! मागचा फोटो-व्हिडिओ स्विच अंगठ्याने फिरतो, हे मला सगळ्यात आवडलं.

खटकतं ते एवढंच की मेमरी कार्डाचा एक स्लॉट सीएफएक्सप्रेस (जास्त वेगवान कार्ड) आणि दुसरा साधा एसडी, तर ८के रॉला महागडं कार्ड घ्यावंच लागतं, हार्ड डिस्कचा खर्च वेगळा. बॅटऱ्या तीन-चार ठेवाच. बॉडी (लेन्सशिवाय कॅमेरा) बॅटरी-कार्ड धरून ९१० ग्रॅम, दिवसभर गळ्यात जाणवते. फक्त स्टुडिओत पोर्ट्रेट करणार असाल तर स्वस्तातली बॉडी घ्या आणि उरलेले पैसे लेन्सला लावा.