तीन चाकांना लेप, एक उघडं: अलॉय व्हीलवर आठ महिन्यांचा प्रयोग

आधी निकाल सांगतो, कहाणी नंतर. अलॉय व्हीलवर, म्हणजे गाडीच्या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूच्या चाकावर, मेणाचं वॅक्स लावा, कृत्रिम पॉलिमरचं सीलंट लावा नाहीतर कडक थर धरणारं सिरॅमिक कोटिंग लावा, चाक काळं व्हायचं थांबत नाही. धुतल्यानंतर आठवड्याभरात ब्रेकची पूड बसतेच आणि बघणाऱ्याला वाटतं, या माणसाने चाकांना कधी पाणी दाखवलेलं नाही. फरक पडतो तो धुताना. ज्या चाकाशी मी पूर्वी ब्रश घेऊन दहा-दहा मिनिटं झटापट करायचो, ते आता तीन मिनिटांत साबणाच्या पाण्याने सुटतं. डबीवर काहीही छापलेलं असो, तुम्ही विकत घेता ती ही सात मिनिटं.

हा नाद लागला तो आधीच्या गाडीमुळे. तिच्या पुढच्या दोन्ही चाकांवर तांबूस ठिपके पडले होते. मी ते चिखलाचे समजत राहिलो, आणि समजलं तेव्हा नखाने खरवडूनही निघेनात. हे ठिपके म्हणजे गंजलेलं लोखंड असतं. ब्रेकची डिस्क बिडाची, आणि पॅडमध्येही बऱ्याचदा पोलादाचे तंतू असतात. ब्रेक दाबला की दोन्ही झिजतात आणि तापलेले बारीक कण चाकावर उडून क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, रुततात. मग पाणी मिळालं की तिथेच गंजतात. अ‍ॅल्युमिनियमच्या चाकाला असा लाल गंज चढत नाही, त्यामुळे चाकावर तांबूस दिसलं की ते डिस्क-पॅडकडूनच आलेलं समजायचं. पुढची चाकं जास्त काळी का होतात, याचं कारणही सरळ आहे: ब्रेक लागला की गाडीचा भार पुढे झुकतो आणि थांबवण्याचं बहुतेक काम पुढचे ब्रेकच करतात.

या गाडीला रुपेरी रंगाची, वर क्लिअर कोट दिलेली साधी अलॉय व्हील्स आहेत. ती जवळजवळ नवी असतानाच ठरवलं की चारही चाकांना वेगवेगळी वागणूक द्यायची. पुढच्या डाव्याला कार्नुबा वॅक्स, पुढच्या उजव्याला पॉलिमर सीलंट, मागच्या डाव्याला सिरॅमिक कोटिंग आणि मागचं उजवं बिचारं उघडं. घरच्यांनी मला वेड्यात काढलं. मेव्हणा तर अजूनही त्या चाकाला 'सावत्र' म्हणतो.

लेप लावायला फार वेळ गेला नाही, तयारीला गेला. गाडी उचलून खालून टेकू देणाऱ्या स्टँडवर घेतली, चाकं काढली. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीपाशी असलं काम करू नका, जॅक सरकला तर सावरायला वेळ मिळत नाही. आधी शाम्पूने धुतली, मग डांबराचे ठिपके काढले, मग लोखंडाचे कण सोडवणारा आयर्न रिमूव्हर फवारला. हा प्रकार पहिल्यांदा बघणाऱ्याला गंमत वाटते: स्वच्छ दिसणाऱ्या चाकावरून दोन-तीन मिनिटांत जांभळे ओघळ यायला लागतात. त्यातलं थायोग्लायकोलेट लोखंडाशी रासायनिक क्रिया करतं, त्याचा तो रंग. केस कुरळे करायच्या द्रावणातही याच कुळातलं रसायन असतं, म्हणून वासही तसाच, वर थोडी सडक्या अंड्याची झाक. हातमोजे घालून, मोकळ्या हवेत करायचं काम आहे, आणि ते चाकावर वाळू द्यायचं नाही. त्यानंतर क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी, फिरवला, आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतलं, म्हणजे आधीचा तेलकटपणा राहत नाही. सीलंट आणि कोटिंगला धरायला कोरा पृष्ठभाग लागतो. वॅक्स त्या मानाने भिडस्त, जरा तेलकटपणा असला तरी निभावून नेतं.

इथे मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. चाकाच्या आतल्या बाजूला बॅलन्सिंगची, म्हणजे चाक न थरथरता फिरावं म्हणून चिकटवलेली, छोटी वजनं असतात. डांबर काढायचं द्रावण मी सढळ हाताने तिथेही मारलं. त्या द्रावणाला डांबर काय आणि वजनामागचा गोंद काय, दोन्ही सारखंच. दुसऱ्या दिवशी मोठ्या रस्त्यावर वेग वाढवला तशी स्टिअरिंगला थरथर सुरू झाली. आधी वाटलं नट सैल राहिले. थांबून तपासले तर घट्ट होते. चाक पाहिलं तर वजनाची एक पट्टी गायब, मागे फक्त गोंदाचा चौकोन. बॅलन्सिंग पुन्हा करावं लागलं. तेव्हापासून त्या पट्ट्यांच्या आसपास मी फक्त शाम्पू वापरतो.

लेप लावण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वॅक्स पातळ लावलं, धुरकट झालं की पुसलं. सीलंट मात्र पहिल्यांदा जाड थापलं. जाड थापलं म्हणून जास्त टिकत नाही, पृष्ठभागाला धरतो तेवढाच थर कामाचा आणि उरलेला फडक्यात जातो, तोही खांदे भरून येईपर्यंत घासल्यावर. सिरॅमिकला घाई लागते. लावल्यावर इंद्रधनुष्यासारखी झाक दिसली की लगेच पुसायचं. चुकून राहिलं तर तिथे गडद डाग वाळून बसतो आणि तो पॉलिश करूनच काढावा लागतो. माझा एक राहिलाय, व्हॉल्व्हपाशी, वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही. नंतर ते चाक पूर्ण दिवसभर पाण्यापासून लांब ठेवलं.

लेप कुठे लावू नये, हे मात्र नीट सांगतो, कारण यात चूक झाली तर डागावर भागत नाही. चाक हबला, म्हणजे ज्यावर ते बसवतात त्या भागाला, जिथे टेकतं ती जागा, नट बसतात त्या खळग्या आणि आटे कोरडे ठेवायचे. तिथे वॅक्सचा बुळबुळीतपणा आला की टॉर्क पान्याचा (आवळण्याचा जोर दाखवणाऱ्या पान्याचा) आकडा तोच दिसतो, पण नट प्रत्यक्षात जास्त ताणला जातो. चाक गाडीवर असताना स्प्रे सीलंट लावणार असाल तर फडक्यावर फवारा, चाकावर नको. आऱ्यांमधून फवारा थेट डिस्कवर जातो आणि ब्रेकवर निसरडं काही नको असतं. चाकं परत बसवताना नट समोरासमोरचे, आलटून पालटून, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कवर आवळले आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासले.

पहिला महिना वॅक्सचा होता. दिसायला त्याच्याइतकं देखणं दुसरं कुठलंच चाक नव्हतं. रुपेरी रंगाला एक ऊबदार खोली येते, पाणी टपोऱ्या थेंबांत बसतं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत हे कौतुक चाललं. पाचव्या आठवड्यात धुतल्यावर पाणी नुसतं पसरलं, आणि दोनदा पुन्हा लावूनही प्रत्येक वेळी तोच हिशोब आला. तिसऱ्या वेळी लावलं ते सवयीने.

याचं कारण सगळे उष्णता सांगतात, म्हणून मी इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजत बसलो. कार्नुबा ब्राझीलच्या ईशान्येकडच्या एका ताडकुळातल्या झाडाच्या पानांवरचं मेण आहे. नैसर्गिक मेणांमध्ये ते सर्वांत कडक समजतात, आणि ते वितळतं साधारण ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला. गर्दीत थांबत-थांबत आल्यावर माझ्या चाकाचा दर्शनी भाग ४८ अंशांवर होता, लांबलचक उतार उतरून आल्यावर ७१. म्हणजे मेण वितळून ओघळतंय असं काही नव्हतं. पण डबीतलं वॅक्स म्हणजे निखळ कार्नुबा नसतंच. त्यात मऊ मेणं, तेलं, विरघळवणारी द्रव्यं असतात, नाहीतर ते लावताच येणार नाही. माझा अंदाज असा की या मऊ मंडळींना रोजची ऊब, रस्त्याची रेती आणि दर आठवड्याचा शाम्पू मिळून संपवतात. (थर्मामीटर वापरणार असाल तर चाकाच्या रंगवलेल्या भागावर धरा. चकचकीत उघड्या धातूवर तो खोटं, कमी तापमान दाखवतो.)

सीलंटने साडेतीन महिने काढले. दिसायला थोडं कोरडं, काचेसारखं. वॅक्सची माया त्यात नाही. पण कामाचा गडी. एक गोष्ट समजायला मला वेळ लागला: पाण्याचे थेंब बनेनासे झाले म्हणजे लेप गेलाच असं नाही. वर ब्रेकच्या पुडीचा थर साचला तरी थेंब मोडतात, आणि नीट धुतल्यावर परत येतात. दोनदा मी 'संपलं' म्हणून लिहून ठेवलं होतं आणि धुतल्यावर शब्द गिळावे लागले. परीक्षा धुतल्यानंतरच घ्यायची.

पाचव्या महिन्यात टायरसकट चाकं पुढची मागे आणि मागची पुढे करायची वेळ आली. प्रयोग बिघडणार म्हणून मी जरा कुरकुरलो, पण तीच सगळ्यात मोठी मदत ठरली. तोवर उघडं चाक मागे आरामात होतं, आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, लेप न लावताही बरं चाललंय की! आता ते पुढे उजवीकडे आलं आणि सिरॅमिकवालं पुढे डावीकडे. तोच ब्रेक, तोच रस्ता, समोरासमोर. तीन आठवड्यांत उघड्या चाकाच्या आऱ्यांच्या कोपऱ्यांत शाम्पूने न हलणारा राखाडी थर बसला. सिरॅमिकवाल्याची गोष्ट वेगळीच: त्यावरही तेवढीच काळी पूड दिसायची, पण पाण्याचा जोरदार फवारा मारला की निम्मी तिथेच वाहून जायची. नळीचं पाणी मारताना हे दोन्ही चाकांवर एकामागोमाग बघितलं, आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा मेव्हण्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, दोन्ही काळीच होती. बरोबर आहे त्याचं.

आता चाकाची आतली बाजू. घोडं पेंड खातं ते इथेच. दर्शनी भाग सगळे सजवतात, पण पूड जास्त साचते ती आत, डिस्कच्या अगदी शेजारी, आणि तिथे हात जात नाही. मी सुरुवातीला सीलंटवाल्या चाकाच्या आतल्या बाजूला वजनांपाशी घाबरून लेप अर्धाच लावला होता. चाकांची अदलाबदल करताना ते उलटं करून बघितलं तर हद्द आखल्यासारखी दिसत होती: एकीकडे फडक्याने पुसलं की रुपेरी, दुसरीकडे तपकिरी खरबरीत कातडं. चाक काढण्याची मेहनत घेणारच असाल तर वेळ आतल्या बाजूला द्या. बाहेरची बाजू कधीही करता येते.

लेपाने काय होत नाही, तेही सांगतो. मेव्हण्याच्या गाडीला डायमंड कट चाकं आहेत, म्हणजे दर्शनी धातू लेथवर कातून चकाकवलेला आणि वर पारदर्शक लॅकर. त्याच्या एका चाकावर दगड लागून टवका उडाला होता, आणि तिथून लॅकरच्या आत पांढरट, अळ्यांसारख्या रेषा पसरत गेल्या. उरलेलं सीलंट त्याने माझ्याकडून नेलं आणि दोनदा लावलं. रेषा चालतच राहिल्या, कारण गंज लॅकरच्या खाली चाललाय आणि सीलंट वर बसलंय. तिथे लॅकर काढून चाक पुन्हा कातून घेण्याला पर्याय नसतो. फुटपाथला घासून पडलेल्या ओरखड्यांनाही कुठलाच लेप आडवा येत नाही.

धुण्याच्या सवयी बदलल्या नाहीत तर कुठलंही कोटिंग फुकट जातं. चाकं गार झाल्यावरच पाणी घालतो. गरम चाकावर क्लीनर वाळून डाग धरतो. अ‍ॅसिडवाले क्लीनर पूर्ण बंद. काहींत फ्लोराइडची जहाल अ‍ॅसिडं असतात, ती क्लिअर कोटलाही खातात आणि कातडीलाही. चाकांची बादली आणि फडकी बॉडीच्या फडक्यांपासून वेगळी ठेवलीत, नाहीतर ते लोखंडाचे कण दारांवर घासले जातात. आयर्न रिमूव्हर पूर्वी दर महिन्याला लागायचा, आता लेपवाल्या चाकांना तीन महिन्यांतून एकदा. आणि धुऊन झाल्यावर गाडी थोडी फिरवून ब्रेक हलके दाबून डिस्क वाळवतो. ओली उभी ठेवली की सकाळी डिस्कवर गंजाची झाक दिसते. पहिल्या काही ब्रेकमध्ये ती जाते, पण ती पूड परत चाकावरच येते.

पुन्हा काय घेईन? सीलंट. सिरॅमिक आठ महिन्यांनंतरही काम करतंय, थेंब पूर्वीइतके टपोरे नाहीत एवढंच, पण ते लावायचं म्हणजे दीड दिवस, गाडी जागेवर, आणि चुकलं तर पॉलिश. सीलंट मी रविवारी सकाळी चाक न काढता, फडक्यावर घेऊन, वीस मिनिटांत चारही चाकांना फिरवू शकतो, आणि तीन महिन्यांनी परत. ज्याला चाकं काढायचीच आहेत, आतलीही बाजू करायची आहे, त्याने सिरॅमिक घ्यावं. वॅक्सची डबी बॉडीसाठी ठेवलीय.

सावत्र चाकाला मागच्या आठवड्यात शेवटी न्याय दिला. दोनदा आयर्न रिमूव्हर, एकदा क्ले, मग सीलंट. दोन तास लागले. आता ते बाकीच्यांसारखंच दिसतं, फक्त आऱ्यांच्या मुळाशी तांबूस ठिपके राहिलेत. मोजलेत मी, चौदा आहेत.