पाय कापायचं ठरलेलं, ह्या लिम्ब सॅल्व्हेज (पाय वाचवणाऱ्या) क्लिनिकमुळे वाचला

५ पैकी ४ स्टार देतेय. एक का कमी ते शेवटी सांगते.

बाबांना शुगर २० वर्षांपासून, त्यात सिगरेट. पायाच्या बोटाला बारीकशी जखम झाली, दीड महिना ड्रेसिंग चाललं पण भरायचं नाव नाही, बोट काळं पडायला लागलं आणि रात्री पाय एवढा ठणकायचा की ते पलंगावरून पाय खाली सोडून बसल्या बसल्या झोपायचे, खाली सोडला की जरा बरं वाटायचं. आम्ही समजलो शुगरमुळे होतंय. हे रक्त पोचत नसल्याचं लक्षण आहे हे तेव्हा कोणीच सांगितलं नाही.

आधीच्या हॉस्पिटलमध्ये (नाव घेत नाही) घोट्याचं प्रेशर दंडाच्या प्रेशरशी ताडून बघितलं, १.३ आलं, म्हणाले रक्तपुरवठा नॉर्मल आहे, इन्फेक्शन वाढतंय, गुडघ्याखालून कापावा लागेल. अँजिओग्राफीचा विषयच काढला नाही. आई तिथेच रडायला लागली.

मग इथे आलो. इथल्या व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जननी पहिलं काम काय केलं तर पायाच्या अंगठ्याला छोटासा कफ लावून प्रेशर मोजलं. २४ आलं!! ३० च्या खाली म्हणजे पाय धोक्यात. त्यांनी समजावून सांगितलं की शुगरच्या पेशंटच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचून त्या कडक होतात, कफने दाबल्या जात नाहीत, म्हणून घोट्याचा आकडा खोटा चांगला येतो. तो १.३ बघून पाय गेला असता हो, अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

त्याच आठवड्यात अँजिओग्राफी, गुडघ्याखालच्या रक्तवाहिन्या जवळजवळ बंद. बंद रक्तवाहिनी फुगा टाकून उघडायची की बायपास करायचा (म्हणजे पायातलीच चांगली शीर जोडून रक्ताला दुसरी वाट द्यायची), ह्यावर डॉक्टर आमच्याशी अर्धा तास बोलले. २०२२ च्या बेस्ट-सीएलआय ट्रायलमध्ये (अशा पेशंटवर केलेला अभ्यास) ज्यांच्या पायातली मोठी शीर चांगली आहे त्यांना आधी बायपास केलेला जास्त फायद्याचा ठरला, पण २०२३ च्या बेसिल-२ मध्ये गुडघ्याखालच्या ब्लॉकेजला उलटं, म्हणजे आधी फुगा बरा, असं निघालं, म्हणून सरसकट काही सांगता येत नाही, पेशंट बघूनच ठरवायचं असं स्पष्ट बोलले. बाबांची शीर सोनोग्राफीत चांगली दिसली, हार्टची तपासणी पण ठीक आली, मग तीच शीर वापरून बायपास केला.

काळं बोट काढावंच लागलं, ते खोटं सांगणार नाही. पण बाकी पाऊल शाबूत आहे, जखम भरायला ४ महिने लागले आणि आता बाबा स्वतः चालत बाथरूमला जातात. ड्रेसिंगच्या सिस्टर तर देवमाणूस, प्रत्येक वेळी दुसरं पाऊलही तपासायच्या. सिगरेट सोडल्याशिवाय बायपास टिकणार नाही हे बाबांना त्यांनीच पटवलं, आम्हाला एवढ्या वर्षांत जमलं नव्हतं.

आता एक स्टार कशाचा. ओपीडीत ३-३ तास बसावं लागतं, पाय दुखणाऱ्या माणसाला ते फार होतं. आणि बायपासनंतर पाय सुजतो हे डिस्चार्जच्या वेळी कोणी बोललं नाही, घरी सूज बघून आम्ही रात्री २ वाजता धावत आलो, तेव्हा कळलं की रक्त परत सुरू झाल्यावर अशी सूज बऱ्याच जणांना येते. एक कागद छापून दिला असता तर?

कोणाच्या घरी शुगर असेल आणि पायाची जखम २ आठवड्यांत भरत नसेल तर थांबू नका. आणि कोणी कापायचं म्हणालं तर आधी विचारा, बोटाचं प्रेशर मोजलंय का, अँजिओग्राफी केलीय का.