गादीवरचा डाग: घरीच काढायचा की मशीनवाल्याला बोलवायचं?

कोपरखैरण्याहून वहिनींचा फोन. धाकट्याने फोमची गादी ओली केली, मधोमध पिवळा नकाशा. "भावजी, गादी-सोफे धुणाऱ्या मशीनवाल्याला बोलवू की घरीच बघू?"

खर्चात घरचा उपाय जिंकतो. मेडिकलमधली हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली आणि खायचा सोडा, शंभरात भागतं. मशीनवाला शेकड्यांत घेतो, तेही एका डागासाठी.

मेहनत मात्र घरी जास्त. बाटलीवर ६ टक्के लिहिलं असेल तर तेवढंच पाणी मिसळायचं. डागावर फवारलं की बारीक फेस येतो. घासायचं नाही, पांढऱ्या फडक्याने टिपायचं. वाळल्यावर सोडा भुरभुरून रात्रभर ठेवायचा, सकाळी व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्यायचा. (सोड्यात व्हिनेगर ओतू नका. फेस झकास येतो, पण दोघं एकमेकांना निकामी करतात.) डाग रक्ताचा असेल तर आधी गार पाणी, गरम पाण्याने तो पक्का बसतो.

धोका रंगाचा. माझ्या निळ्या सोफा कव्हरवर आठ आण्याएवढा पांढरा ठिपका आहे, त्याच बाटलीची कृपा. आधी कोपऱ्यात करून बघा.

मशीन पाणी सोडून परत ओढतं, त्यामुळे खोल मुरलेला वास तेच काढतं. पण फोम आतून ओलसर राहतो, आणि जुलैत आपल्याकडे ऊन कुठलं? पंख्याखाली गादी उभी करून दोन दिवस धरा.

डाग ताजा, एखाद-दुसरा, कापड पांढरं: घरीच. वर्षानुवर्षांचे थर, वास किंवा रंगीत सोफा: मशीन, पण पावसाळा सरल्यावर. वहिनींना बाटली आणायला सांगितलंय.